नामिबिया १९८९-९०: ठराव ४३५ जमिनीवर कसा उतरला?

मुळाक्षर

पश्चिम सहाराच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "युनोने आजवर एक तरी वसाहत नीट स्वतंत्र करून दिली आहे का?" उत्तर: नामिबिया. तिथे लिहिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

पार्श्वभूमी आटोपशीर. १८८४ पासून जर्मन वसाहत. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी ती घेतली आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाने तिचा 'क' वर्गाचा मॅन्डेट (संघाच्या वतीने कारभार पाहण्याची जबाबदारी) दक्षिण आफ्रिकेलाच दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर इतर मॅन्डेट स्वतंत्र झाले किंवा युनोच्या विश्वस्त व्यवस्थेत गेले, हा एवढा दक्षिण आफ्रिकेने सोडला नाही. उलट १९४६ मध्ये प्रदेश आपल्यात विलीन करू द्या अशी मागणी केली, ती आमसभेने फेटाळली. १९६६ मध्ये आमसभेने मॅन्डेट संपल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी स्वापोचा (नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना) सशस्त्र लढाही सुरू झाला.

आता मुख्य भाग. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि कॅनडा या पाच देशांनी १९७७-७८ मध्ये वाटाघाटी करून योजना आखली. २९ सप्टेंबर १९७८ ला सुरक्षा परिषदेने ठराव ४३५ करून ती स्वीकारली. योजनेचं मर्म 'देखरेख आणि नियंत्रण' या शब्दांत आहे. युनोने प्रदेश ताब्यात घेतला नाही. निवडणूक दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलने (यापुढे नुसतं एजी) घ्यायची. कायदा त्याचा, कचेऱ्या त्याच्या, कारकून त्याचे आणि पोलीसही त्याचेच. मात्र युनोच्या विशेष प्रतिनिधीचं समाधान झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होणार नाही. एजी होते लुई पिनार, विशेष प्रतिनिधी फिनलंडचे मार्टी आहतिसारी.

वेळापत्रक असं होतं:

शून्य दिवशी युद्धबंदी. दोन्ही बाजूंचं सैन्य तळांवर.
सहाव्या आठवड्याअखेर दक्षिण आफ्रिकेचं सैन्य १२,००० वर.
नवव्या आठवड्याअखेर ८,०००.
बाराव्या आठवड्याअखेर १,५००, तेही फक्त ग्रूटफोंटेन आणि ओशिव्हेलो इथे.
तोवर राजकीय कैद्यांची सुटका, भेदभावाचे कायदे रद्द, निर्वासित परत.
मग साधारण चार महिने प्रचार आणि सातव्या महिन्यात घटना समितीची निवडणूक.
निकाल प्रमाणित झाल्यावर आठवड्याभरात उरलेले १,५०० सैनिकही बाहेर.

सैन्याचा आकडा तीन ठिकाणी बांधलेला आहे, पोलिसांबद्दल मात्र "कायदा-सुव्यवस्था सध्याचे पोलीस राखतील" एवढंच. माझं म्हणणं असं की योजना आखली सैन्य डोळ्यांसमोर ठेवून आणि अडचणी आल्या पोलिसांकडून. जाणकारांनी भर घालावी.

टिंबटिंब

चांगला विषय. पण १९७८ चा ठराव आणि अंमल १९८९ मध्ये? मधली दहा वर्षं कुठे गेली?

कलम ७३

दक्षिण आफ्रिकेच्या पी. डब्ल्यू. बोथा सरकारने डिसेंबर १९७८ मध्येच स्वतःची निवडणूक उरकून घेतली. स्वापोने बहिष्कार टाकला, डीटीए ही आघाडी जिंकली, पण सुरक्षा परिषदेने ठराव ४३९ करून ती निवडणूक आधीच रद्दबातल ठरवली होती. त्यानंतर १९८१ पासून रेगन प्रशासनाने, म्हणजे त्याचं आफ्रिका धोरण सांभाळणाऱ्या चेस्टर क्रोकर यांनी, एक नवी अट जोडली: अंगोलातून क्यूबाचं सैन्य गेलं तरच नामिबियातून दक्षिण आफ्रिकेचं जाईल. ही अट ४३५ मध्ये कुठेही नव्हती. अंगोलातल्या क्विटो क्वानावालेच्या लढाया (१९८७-८८) होऊन दोन्ही बाजू दमेपर्यंत गाडा रुतलेलाच होता. अखेर २२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिकेच्या सह्या झाल्या. क्यूबाच्या ५०,००० सैनिकांनी २७ महिन्यांत परत जायचं ठरलं आणि त्यावर नजर ठेवायला युनोची वेगळी छोटी मोहीम, ७० लष्करी निरीक्षकांची, अंगोलात गेली.

ही दहा वर्षं अगदीच वाया गेली असं मात्र नाही. १९८२ मध्ये घटनेची मूलतत्त्वं आधीच ठरली: बहुपक्षीय लोकशाही, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायसंस्था, मालमत्ता घेतल्यास योग्य भरपाई, आणि घटना मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मतं. या शेवटच्या कलमाने पुढे किती काम केलं ते निकालाच्या वेळी दिसेल. त्याच वर्षी निःपक्षपातीपणाची बोलणीही झाली. आमसभेने १९७६ मध्ये स्वापोला 'एकमेव आणि खरा प्रतिनिधी' म्हटलं होतं. निवडणुकीचा पंचच एका उमेदवाराला खरा म्हणतोय, हे प्रिटोरियाला (म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला) मान्य होणं शक्य नव्हतं. म्हणून योजना सुरू होताच युनोने स्वापोची खास वागणूक थांबवायची, असं ठरलं.

टिंबटिंब

आणि मुळात युनोला हा अधिकार आला कुठून? मॅन्डेट राष्ट्रसंघाने दिलेला, तो संघच बुडाला.

कलम ७३

दक्षिण आफ्रिकेचा युक्तिवाद नेमका हाच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५० मध्ये सल्ला दिला की प्रदेश विश्वस्त व्यवस्थेत देण्याची सक्ती नाही, पण मॅन्डेटच्या जबाबदाऱ्या संपलेल्या नाहीत आणि एकतर्फी दर्जा बदलता येणार नाही. १९६० मध्ये इथियोपिया आणि लायबेरिया यांनी थेट खटला भरला. सहा वर्षांनी, १८ जुलै १९६६ ला, मतं ७-७ पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला गेला. कारण असं दिलं की या दोन देशांना दाद मागण्याइतका कायदेशीर हितसंबंधच नाही. आफ्रिकेत आणि आशियात संतापाची लाट उसळली आणि चार महिन्यांच्या आत, २७ ऑक्टोबरला, आमसभेने ठराव २१४५ करून मॅन्डेटच काढून घेतला. २१ जून १९७१ च्या सल्ल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की दक्षिण आफ्रिकेची तिथली उपस्थिती बेकायदा आहे. ४३५ च्या मागे हा सगळा पाया आहे. तो इतर वसाहतींना नव्हता, म्हणून नामिबियाचा साचा सरसकट लावता येत नाही.

रसदवाला

पोलिसांचं बरोबर आहे, पण त्याआधी पैशाचा घोळ झाला. तो समजल्याशिवाय १ एप्रिल १९८९ ला, युद्धबंदीच्या पहिल्याच दिवशी, काय झालं ते कळणार नाही.

मूळ आराखड्यात ७,५०० सैनिक होते. १९८८ अखेर खर्चाचा अंदाज ७० कोटी डॉलरवर गेला. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांनी, म्हणजे ज्यांच्यावर बिलाचा मोठा हिस्सा पडणार होता त्यांनी, हात आखडता घेतला. क्यूबाशी करार झालाय, धोका कमी झालाय, तेव्हा इतकं सैन्य कशाला? आफ्रिकी आणि अलिप्त देश ७,५०० वर अडून बसले. दक्षिण आफ्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटी तोडगा निघाला: कमाल मर्यादा ७,५०० च, प्रत्यक्षात पाठवायचे ४,६५०. फिनलंड, केनिया आणि मलेशियाच्या तीन मोठ्या पायदळ बटालियन जमिनीवर, बांगलादेश, टोगो, व्हेनेझुएला आणि युगोस्लाव्हियाच्या आपापल्या देशात राखीव. खर्च ४१.६ कोटींवर आला.

हा वाद १६ फेब्रुवारी १९८९ च्या ठराव ६३२ पर्यंत चालला. आमसभेने पैसे मंजूर केले १ मार्चला. युद्धबंदीची तारीख मात्र १ एप्रिल, आधीच ठरलेली. पैसे मंजूर झाल्याशिवाय जहाज भाड्याने घेता येत नाही, गाड्यांची ऑर्डर देता येत नाही, देशांना पक्कं कळवता येत नाही. दोन-तीन महिन्यांचं काम चार आठवड्यांत आलं. परिणाम असा की १ एप्रिलला अनटॅगचे (युनोच्या या मोहिमेचं नाव) लष्करी कर्मचारी सगळे मिळून हजारही नव्हते, आणि उत्तर सीमेवर, जिथे गरज होती तिथे, जवळजवळ कुणीच नव्हतं.

मुळाक्षर

नेमकं. त्यात भर म्हणजे सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमचंद यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. १९६२-६३ मध्ये काँगोतल्या कटांगात युनोच्या सैन्याचं नेतृत्व, १९६९ ते १९७६ सायप्रसमध्ये सेनापती, आणि नामिबियासाठी जवळजवळ दशकभर 'नियोजित' सेनापती. योजना कागदावर आणि सेनापती प्रतीक्षायादीत. सत्तरी ओलांडल्यावर, फेब्रुवारी १९८९ च्या अखेरीस, ते राजधानी विंडहुकला पोचले.

शेतकुंपण

१ एप्रिलला नेमकं झालं काय? इंग्रजी लेखांत एक बाजू म्हणते स्वापोने करार मोडला, दुसरी म्हणते गनिमी युनोला शस्त्रं द्यायला येत होते.

कलम ७३

दोन्ही बाजूंना आधार सापडतो, कारण कागदातच भोक होतं. ४३५ मध्ये स्वापोचे सैनिक 'तळांवर' राहतील असं होतं, पण कुठल्या तळांवर? दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, नामिबियात स्वापोचे तळ नाहीतच. स्वापोचं म्हणणं, आहेत, आणि आमचे लोक तिथेच युनोच्या देखरेखीत राहतील. ऑगस्ट १९८८ च्या जिनिव्हा करारपत्रात ठरलं की स्वापोचे सैनिक अंगोलात १६ व्या अक्षांशाच्या उत्तरेला राहतील. पण त्या कागदावर सह्या अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिकेच्या. स्वापोची सहीच नाही! ज्याच्या सैनिकांना हलवायचं तोच वाटाघाटीत नव्हता.

मग १ एप्रिलच्या पहाटेपासून शेकडो सशस्त्र गनिमी उत्तरेकडच्या ओव्हाम्बोलँडमध्ये शिरले. त्यांना गाठलं दक्षिण आफ्रिकेच्या हाताखालच्या पोलिसांनी. त्या दिवशी मार्गारेट थॅचर विंडहुकमध्ये होत्या. दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथांनी धमकी दिली की युनोने काही केलं नाही तर सगळी योजना बंद. आहतिसारींनी, महासचिव पेरेझ द क्वेयार यांच्या संमतीने, दक्षिण आफ्रिकेच्या ठरावीक तुकड्यांना तळाबाहेर पडू दिलं. पुढच्या काही दिवसांत ३०० हून जास्त गनिमी मारले गेले.

शेतकुंपण

म्हणजे युनोने स्वतःच त्यांना सोडलं. ही चूक नाही तर काय?

रसदवाला

दुसरा काय पर्याय होता ते सांगा. स्वतःचं सैन्य नाही, गाड्या नाहीत, सीमा शेकडो किलोमीटरची. नकार दिला असता तरी तुकड्या बाहेर पडल्याच असत्या, आणि मग परवानगीच्या अटीही राहिल्या नसत्या. योजना त्याच आठवड्यात मेली असती. निर्णय वाईटच, पण कारण एक एप्रिलचं नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीच्या खर्चकपातीचं.

शेतकुंपण

तीनशे माणसं गेल्यावर 'अटी' हा शब्द जड जातो. तिथे जाऊन निदान शस्त्रसंधीचा पांढरा झेंडा घेऊन उभं राहायला सैन्य लागत नाही. पण ठीक, पुढे.

कलम ७३

९ एप्रिलला माउंट एट्जो इथे तोडगा निघाला. गनिमींनी युनोच्या जमाव-ठिकाणी यायचं, तिथून त्यांना अंगोलात १६ व्या अक्षांशापलीकडे न्यायचं. कागदावर सोपं. प्रत्यक्षात त्या ठिकाणांच्या आसपास दक्षिण आफ्रिकेचे सैनिक आणि पोलीस घुटमळत होते, त्यामुळे फारसं कुणी आलंच नाही. बहुतेक जण लपतछपत पायी सीमेपार गेले. मग दक्षिण आफ्रिकेच्या फौजेने २६ एप्रिलच्या संध्याकाळपासून ६० तास तळांवर थांबायचं ठरलं, तेवढ्यात उरलेल्यांनी निघून जावं. सहा आठवड्यांचं वेळापत्रक घसरलं, पण बाराव्या आठवड्यापर्यंत सैन्याचा आकडा १,५०० वर आला. ही भरपाई कशी झाली हे कुणी नीट लिहायला हवं.

मुळाक्षर

आता पोलीस. कूफुट हे दक्षिण-पश्चिम आफ्रिका पोलिसांचं गनिमी-विरोधी पथक, सुमारे ३,००० माणसं, उत्तरेत त्याची दहशत. सैन्य मोजताना हे मोजलेच नाहीत, कारण कागदावर ते पोलीस. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीच नियमित पोलिसांत सामावून घेतलं होतं. म्हणजे पाटी काढली, माणसं आणि गाड्या त्याच. गाडी म्हणजे कॅस्पिर: सुरुंगाने फुटू नये म्हणून तळ इंग्रजी व्ही आकाराचा, उंच, चिलखती, वर मशीनगन. गावात कॅस्पिर आली की शेताची कुंपणं मोडली जायची, सभा उधळल्या जायच्या.

१९७८ च्या आराखड्यात युनोचे पोलीस किती? ३६०. सुरू होताना ५००. आयर्लंडचे स्टीव्हन फॅनिंग त्यांचे प्रमुख. हे पोलीस बिनशस्त्र, अटकेचा अधिकार नाही. काम एकच: स्थानिक पोलिसांच्या गस्तीबरोबर जायचं, बघायचं, लिहायचं, वर कळवायचं. आता कॅस्पिर रस्ता सोडून झुडपातून निघाली तर साध्या गाडीतला पोलीस तिच्यामागे जाणार कसा? तिथे सुरुंग. म्हणून सुरुंगरोधक गाड्या मिळेपर्यंत उत्तरेत देखरेख नावापुरती होती. तक्रारींचा ढीग लागल्यावर संख्या मे महिन्यात १,००० आणि सप्टेंबरात १,५०० केली. योजनेच्या चौपट. या २५ देशांच्या पोलिसांत भारताचेही होते.

कूफुट खऱ्या अर्थाने मोडायला २९ ऑगस्टचा ठराव ६४० लागला. सप्टेंबरच्या अखेरीस १,२०० जणांना अनटॅगसमोर निरोप दिला, उरलेले ऑक्टोबर अखेर. म्हणजे मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी.

रसदवाला

+१. यातली क्लृप्ती लक्षात घ्या. विशेष प्रतिनिधीचा खरा अधिकार 'पुढचा टप्पा थांबवणं' एवढाच होता. पण तो थांबवला की नुकसान स्वापोचं आणि फायदा प्रिटोरियाचा, कारण उशीर त्यांना हवाच होता. हे एजीलाही माहीत होतं. मग आहतिसारी करत काय? प्रत्येक कलमावर आठवडे घासाघीस. निवडणूक कायद्याचं उदाहरण सर्वात चांगलं आहे, ते कुणीतरी सांगा.

ओंजळभर

सांगते. जुलै १९८९ मध्ये एजींनी निवडणूक कायद्याचा मसुदा काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. प्रत्येक मतपत्रिका क्रमांक घातलेल्या पाकिटात घालायची, आणि सगळी पाकिटं विंडहुकला नेऊन तिथे एकेक पडताळून मोजायची. पाकिटावरचा क्रमांक मतदाराशी जोडला की गुप्त मतदान संपलं. आणि सात लाख पाकिटं एका शहरात मोजायची म्हणजे निकालाला किती दिवस, त्या काळात पेट्या कुणाच्या ताब्यात, अफवा किती! अनटॅगने हरकत घेतली, सुरक्षा परिषदेपर्यंत गाजलं. अंतिम कायदा १३ ऑक्टोबरला निघाला, मतदानाला चार आठवडे उरले असताना. पाकिटं गेली, मोजणी २३ जिल्ह्यांत त्या त्या ठिकाणी. ज्याने नोंदणी एका जिल्ह्यात आणि मतदान दुसऱ्यात केलं, त्याचं मत तेवढं वेगळं ठेवून विंडहुकला सही-अंगठा पडताळून मोजायचं. ही तडजोड शहाणपणाची, कारण स्थलांतरित मजुरांचा देश. मतदाराला नोंदणीच्याच गावी जा म्हटलं असतं तर हजारो मतं बुडाली असती.

मतदार नोंदणी ३ जुलै ते २३ सप्टेंबर. वय १८. आणि पात्रता साधी: जन्म इथला, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा इथला, किंवा चार वर्षांचं वास्तव्य. स्वापोला हे फार सैल वाटलं, कारण दक्षिण आफ्रिकेत राहणारे गोरेही पात्र ठरत होते, आणि ते खरोखर आले मतदानाला. पण नोंदणी अडीच-तीन महिन्यांत उरकली: ७,०१,४८३ मतदार. नियम सैल होता म्हणूनच उरकली, असं माझं मत.

टिंबटिंब

आणि पश्चिम सहारात?

ओंजळभर

तिथे उलट. स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं, यावर सार्वमत घ्यायचं होतं. १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेत सुमारे ७४ हजार लोक. पात्रता टोळी आणि वंशावळीवर. दोन्ही बाजूंचे शेख बसवून एकेक अर्जदाराची ओळख पटवायची. १९९४ मध्ये काम सुरू झालं, १९९९-२००० पर्यंत ८६ हजारांच्या घरात पात्र ठरले आणि वर सव्वा लाखाहून जास्त अपिलं आली. तिथेच सार्वमत गाडलं गेलं. 'खरा स्थानिक कोण' हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याने सोडवायला घेतला की संपलंच.

मुळाक्षर

पूर्व तिमोरही यात जोडा, पोलिसांच्या मुद्द्यासाठी. ५ मे १९९९ च्या करारात सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्या पोलिसांवरच ठेवली, युनोचे पोलीस तीनशेच्या आत आणि बिनशस्त्र. ३० ऑगस्टला मतदान उत्तम झालं, ७८.५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, आणि निकालानंतर इंडोनेशियाच्या बाजूच्या मिलिशियांनी घरंदारं जाळली. २० सप्टेंबरला बाहेरचं सैन्य उतरेपर्यंत होत्याचं नव्हतं झालं. दहा वर्षांपूर्वी विंडहुकमध्ये हेच शिकायला मिळालं होतं.

रसदवाला

एक फरक आहे. नामिबियात निवडणुकीच्या दिवशी अनटॅगचे सगळे मिळून आठ हजार लोक होते, ४२ राजकीय कचेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांत, प्रत्येक मतदान केंद्रावर एजीच्या अधिकाऱ्याशेजारी युनोचा माणूस. त्या कचेऱ्यांचं काम वर्तमानपत्रांत आलं नाही, पण खरा कणा तोच. पक्षांच्या स्थानिक लोकांना एकत्र बसवायचं, अफवा तपासायच्या, सभांच्या जागा-वेळा जुळवायच्या. १२ सप्टेंबरच्या आचारसंहितेत कलमं बघा: सभेत कुठलंही शस्त्र नाही, पारंपरिकसुद्धा नाही; दोन पक्षांच्या सभा एकाच वेळी जवळजवळ नाहीत. मोठे शब्द नाहीत, मारामाऱ्या नेमक्या कशावरून होतात ते माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं. त्याच संध्याकाळी अँटन लुबोव्स्की या स्वापोच्या गोऱ्या नेत्याची विंडहुकमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, म्हणजे वातावरण काय असेल बघा.

आणि १ नोव्हेंबर. पिक बोथांनी जाहीर केलं की अनटॅगचे बिनतारी संदेश हाती लागलेत, स्वापो पुन्हा सीमेवर जमतेय. मतदान सहा दिवसांवर. या वेळी सीमेवर अनटॅगचं सैन्य होतं, निरीक्षक होते. काही तासांत सिद्ध झालं की संदेश बनावट आहेत. एप्रिलमध्ये एवढी माणसं जागेवर असती तर, हा विचार येतोच.

शेतकुंपण

निर्वासितांचं कुणी लिहिलं नाही.

ओंजळभर

सुमारे ४३ हजार परत आले, बहुतांश अंगोला आणि झांबियातून, १२ जूनपासून विमानांनी. युनोच्या निर्वासित आयोगाकडे काम, चर्चच्या संघटनांचा मोठा हात. उशीर झाला तो माफीच्या कायद्यामुळे: परत आल्यावर जुन्या गुन्ह्यांखाली पकडणार नाही अशी हमी एजींकडून निघेपर्यंत जून उजाडला. भेदभावाचे बरेच कायदे रद्द झाले, पण वंशवार प्रशासनाचा एजी-८ हा मुख्य हुकूम शेवटपर्यंत राहिला. शाळा-दवाखाने कोसळतील ही एजींची सबब. दुसरी दुखरी बाजूही सांगायला हवी. स्वापोने अंगोलात लुबांगोजवळ स्वतःच्याच लोकांना हेर ठरवून खड्ड्यांत डांबलं होतं. त्यातले काही जुलैत परतले आणि बोलले. बेपत्ता लोकांच्या शोधाला युनोचं पथक सप्टेंबरात अंगोला-झांबियात गेलं, पण सगळ्यांचा पत्ता लागला नाही.

टिंबटिंब

निकाल?

कलम ७३

७ ते ११ नोव्हेंबर मतदान, ९७ टक्के. वैध मतं ६,७०,८३०, जागा ७२, संपूर्ण देश एकच मतदारसंघ, याद्यांवरून प्रमाणशीर. हिशेब करून बघण्यासारखा आहे. ६,७०,८३० भागिले ७२ म्हणजे एका जागेला ९,३१७ मतं. स्वापो ३,८४,५६७: पूर्ण कोटे ४१. डीटीए १,९१,५३२: २०. मग छोटे पक्ष. यूडीएफ ३७,८७४: ४. एसीएन २३,७२८: २. एनपीएफ १०,६९३ आणि एफसीएन १०,४५२: प्रत्येकी १. झाल्या ६९. उरलेल्या तीन सर्वात मोठ्या शिलकीला: एनएनएफ (सगळी मिळून ५,३४४ मतं, तरी एक जागा), डीटीए आणि एसीएन. अंतिम: ४१, २१, ४, ३, १, १, १.

दोन-तृतीयांश म्हणजे ४८. स्वापो ४१. सात कमी. ओव्हाम्बोलँडमध्ये ९० टक्क्यांहून जास्त मतं घेऊनही एकट्याने घटना करता येईना. २१ नोव्हेंबरला घटना समितीच्या पहिल्याच बैठकीत १९८२ ची मूलतत्त्वं एकमताने स्वीकारली गेली, तीही स्वापोच्याच सूचनेवरून, आणि ९ फेब्रुवारी १९९० ला घटना मंजूर. ८० दिवस. आपल्या संविधान सभेला जवळजवळ तीन वर्षं लागली होती, अर्थात पसारा वेगळा.

टिंबटिंब

शेवटचा प्रश्न, इथल्या वाचकांच्या डोक्यात असणारच. गोव्याला युनोने असं काही का लावलं नाही?

कलम ७३

तिथे सहकार्य करणारी सत्ताच नव्हती. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' करून टाकलं आणि १९५५ मध्ये युनोत आल्यावर कळवलं, आमच्याकडे वसाहती नाहीतच. १५ डिसेंबर १९६० च्या ठराव १५४२ मध्ये आमसभेने यादी दिली. अंगोला, मोझांबिक, तिमोर यांच्याबरोबर 'गोवा आणि आश्रित प्रदेश' त्यात आहे. पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझारने माहितीचा एक कागद पाठवला नाही. ना मॅन्डेट, ना एजी, ना पाच देशांचा गट. वर्षभराने भारतीय सैन्य आत गेलं.

दोन दुवे सांगण्यासारखे. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केल्यावर पोर्तुगाल हेगला गेला. १२ एप्रिल १९६० चा निकाल: नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालाला जाण्याचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रांना नाही, आणि भारताने काही गैर केलेलं नाही. दुसरा, १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताला थांबवणारा मसुदा आला तेव्हा सोव्हिएत नकाराधिकार सगळ्यांना आठवतो, पण विरोधात मतं चार होती: सोव्हिएत संघ, सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि लायबेरिया. तोच लायबेरिया, ज्याचा नामिबियाचा खटला तेव्हा हेगमध्ये चालू होता.

रसदवाला

वॉल्व्हिस बे राहिलं. नामिबियाचं एकमेव खोल पाण्याचं बंदर, ब्रिटिश काळापासून केप प्रांताला जोडलेलं, म्हणून मॅन्डेटमध्ये नव्हतं. पाच देशांनी ते ४३५ मधून मुद्दाम बाहेर ठेवलं, नाहीतर योजना १९७८ मध्येच फुटली असती. सुरक्षा परिषदेने ठराव ४३२ करून ते नामिबियाला जोडलं जावं असं म्हटलं आणि सोडून दिलं. २१ मार्च १९९० ला स्वापोचे नेते सॅम नुजोमांना पेरेझ द क्वेयार यांनी अध्यक्षपदाची शपथ दिली, दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लार्क समोर उभे, तेव्हा बंदरावर झेंडा दक्षिण आफ्रिकेचाच होता. १९९२ पासून दोघांचं संयुक्त प्रशासन, आणि २८ फेब्रुवारी १९९४ च्या मध्यरात्री हस्तांतर, किनाऱ्यालगतच्या बेटांसकट. या वेळी युनो लागली नाही. प्रिटोरियातलं राज्यच बदलत होतं.